वातीचा कापूस

माझ्या भावानं, मच्छिंद्रनं, पुण्याहून शलूसाठी रॉकेट आणलं तेव्हा ते रॉकेट नव्हतंच. लांबट खोक्यात पुठ्ठ्याची नळी, पापडासारख्या हलक्या लाकडाची पातळ फळी, प्लास्टिकचं टोक, रबराचा तुकडा, दोऱ्याची गुंडाळी आणि आठ पानांचं इंग्रजी माहितीपत्रक. शिवाय रॉकेट उभं करायची बारीक काठी, वायर लावलेला खटका, आणि एका वेगळ्या पुडक्यात बोटाएवढी दोन इंजिनं. इंजिन म्हणजे जाड कागदाचं नळकांडं आणि आत ठासून भरलेली दारू. मच्छिंद्र पुण्यात कारखान्यात नोकरीला, आणि सुट्टीच्या दिवशी माळावर असली रॉकेटं उडवणाऱ्या मंडळींत त्याची ऊठबस. ते पुडकं मी टेबलावर ठेवू देईना, तेव्हा तो हसायला लागला.

"तायडे, भ्यायचं काही काम नाही. याला काडी लावायची नसते. पेन्सिल सेलवर चालतं. वायर लांब असते, तिकडं उभं राहून बटण दाबायचं."

"बटण मी दाबणार," शलू म्हणाली.

"बघू," मी म्हणाले.

शलू म्हणजे आमची शलाका, तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत. ती मामाकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "मामा, आईचं बघू म्हणजे न्हाईच असतं."

"नाही म्हण. न्हाई नाही," मी म्हणाले.

"बघ, म्हटली," शलू म्हणाली, आणि मच्छिंद्र आणि हे दोघं इतके हसले की मलाही हसावं लागलं.

पण माझ्या 'बघू'ला कारण होतं. शलू अडीच वर्षांची असताना मी पोळ्या करत होते. तवा उतरवून खाली ठेवला आणि कडी वाजली म्हणून उठले. दार उघडून परत यायला किती वेळ लागतो? तेवढ्यात तिनं उजवा पंजा तव्यावर टेकवला. हात बरा झाला, पण तळव्याची कातडी ओढल्यासारखी राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण उघडत नाही. तिचं त्यानं काही अडत नाही. लिहिते, सागरगोटे खेळते, भांडताना चिमटेही त्याच हातानं काढते. अडलं ते माझं. काडेपेटी, स्टो, इस्त्री, विळी, मोटारीचं बटण, सगळ्याला ती विचारायची आणि मी 'बघू' म्हणायचे. नाही म्हटलं की लेकरू रडतं, बघू म्हटलं की वाट बघतं. वाट बघून बघून ते विचारायचंच सोडून देतं, हे मला उशिरा कळलं. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "हुशार आहे हो, पण पुढं येत नाही. मागं उभी राहून बघते." त्यामुळे 'बटण मी दाबणार' हे ऐकून मला बरं वाटलं, आणि तरी मी 'बघू'च म्हणाले.

मच्छिंद्र दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. जाताना एवढंच म्हणाला, "कागदावर लिहिलंय तसं कर. एकही पायरी गाळू नको. बस."

*

आम्ही भोकरदनला भाड्यानं राहत होतो. हे तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. रॉकेट जोडायचं काम मी माझ्याकडे घेतलं, कारण माहितीपत्रक इंग्रजी आणि घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मीच. कपाटातून माझा शब्दकोश काढला. जालन्याच्या कॉलेजात इंग्रजीत पहिली आले म्हणून बक्षीस मिळालेला. त्यात कोणी पेन्सिलनंसुद्धा रेघ मारायची नाही, हा आमच्या घरचा कायदा होता.

मग पंधरा दिवस संध्याकाळी आम्ही तिघं चटईवर बसायचो. फळीतून तीन पंख मी कापले, कारण ब्लेड होतं. ते मी घासले, कारण भुसा डोळ्यात जातो. डिंक मी लावला, कारण तो बोटांना चिकटतो. नळीवर पंखांच्या जागा ह्यांनी कंपासपेटीतला कोनमापक लावून आखून दिल्या, एकशे वीस, एकशे वीस, एकशे वीस. शलूच्या वाट्याला आल्या रंगीत पट्ट्या चिकटवणं आणि वाळेपर्यंत पंख धरून बसणं. ती धरून बसायची, न हलता, आणि सारखी चित्रं बघायची. इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे ती चित्रं वाचायची आणि मी अक्षरं.

"आई, या चित्रात पॅराशूटच्या खाली काहीतरी कोंबलंय."

"हो. वॅडिंग म्हणतात त्याला." मी शब्दकोश उघडला. 'मऊ भरण, कापूस इत्यादी.' मला इतका आनंद झाला! गेले चार दिवस एकेका शब्दापाशी अडत होते, आणि हा तर आमच्या घरचाच निघाला. "कापूस गं! टेंभुर्णीला गेल्यावर लागेल तेवढा घेऊ."

"पण इथं चौकोनी कागद काढलेत. चुरगळलेले."

"अगं, चित्रात कापूस कसा काढणार? असाच काढणार."

"चौकोनी?"

"बघू नंतर," मी म्हणाले, आणि पुढच्या पायरीकडे वळले.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

इथं एक गोष्ट सांगून ठेवते. खोक्यात वरच पातळ पांढऱ्या चौकोनी कागदांची एक घडी होती, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवीवर बारीक इंग्रजी छापलेलं. मला वाटलं, नाजूक सामानाला धक्का लागू नये म्हणून घातलेत. पिशवी फेकली आणि कागद ठेवून दिले, चांगले होते. संक्रांतीला घरमालकीण सुगनबाईंना तिळाचे लाडू दिले, तेव्हा डब्यात तेच अंथरले. सुगनबाई म्हणाल्याही, "नंदाबाई, लाडू तर चांगलेच, पण कागद बिलकुल मिठाईच्या दुकानातल्यासारखा!" माझं नाव बेबीनंदा. त्यातलं बेबी कोणी म्हणत नाही, आणि मी सुगनबाईंची ऋणी आहे की त्यांनी त्या दिवशीही म्हटलं नाही. लाडू खाऊन कोणाला काही झालं नाही, हेही सांगून टाकते.

*

सव्वीस जानेवारी त्या वर्षी शनिवारी आली. झेंडावंदन उरकून आम्ही टेंभुर्णीची गाडी धरली. सासरचं घर आणि शेत तिथं. खोकं माझ्या मांडीवर आणि इंजिनांचं पुडकं स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी माझ्या पायांच्या मधे. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्यात, इतकं धरून बसल्यात?" मी म्हणाले, "लोणचं."

घरी पाऊल टाकलं आणि माझा जीव आणखी वर गेला. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. वेचणी झाली होती, गाडी यायची बाकी होती. त्या दिवसांत घरात दिवासुद्धा जपून लावतात. आबा, म्हणजे माझे सासरे रामकिसन, त्यांची बिडी अंगणाबाहेर गेलेली. अशा घरात मी दारूची नळकांडी घेऊन आले होते.

"कुठं ठेवू हा डबा?"

सासूबाई, म्हणजे दुर्गाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, त्यांनी डब्याकडे पाहिलं. "न्हाणीतल्या कोनाड्यात ठिव. तिथं आग गेली तरी पाय घसरून पडंल."

रविवारी सकाळी शेतावर गेलो. आत्याबाईंनी गोवऱ्यांच्या आरात भाजायच्या पानग्यांचा बेत ठरवला होता, म्हणजे जेवण तिकडेच. शेताच्या कडेला खडकाळ माळ आहे, तिथं गवतसुद्धा धड उगवत नाही. मी तोच निवडला. माहितीपत्रकात लिहिलं होतं, आजूबाजूला वाळकं काही नको, वारा बेताचा हवा, माणसं पाच मीटर लांब हवीत. मी दहा धरले. आबांनी पावलं टाकून मोजले आणि दगड ठेवला. दोन घागरी पाणी, एक ओलं पोतं. हे म्हणाले, "पानग्यांच्या आराला इतकी तयारी केली नाही कधी."

"आराला दारू भरलेली नसते," मी म्हणाले.

उडवायच्या खटक्याला एक चावी असते. छोटी, लाल प्लास्टिकची. ती खोचल्याशिवाय बटण दाबूनही काही होत नाही. खोचली की बारका दिवा लागतो, म्हणजे वायर बरोबर आहे. रॉकेटजवळ जाणाऱ्यानं चावी स्वतःजवळ ठेवायची, असं ठळक अक्षरात छापलेलं. मला तो नियम फार आवडला. ती चावी मी भोकरदनला असतानाच पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली होती. झोपतानाही.

"आत्याबाई, थोडा कापूस हवा होता. स्वच्छ. सरकी नसलेला."

"हाय की." त्यांनी कनवटीची पिशवी सोडली. रोज सकाळी त्या देवाच्या वाती वळतात, शेतावर बसल्या बसल्याही वळतात. "निवडून पिंजलेला हाय. बघ, ढगावानी."

मी तीन गोळे केले आणि नळीत सारले. इंजिन जळून संपलं की त्याच्या वरच्या तोंडातून एक फुसका बार निघतो, तो टोक उडवतो आणि पॅराशूट बाहेर ढकलतो, हे मी वाचलं होतं. त्या बाराचा धक्का पॅराशूटला बसू नये म्हणून मधे मऊ भरण, असं मी धरून चालले. वरून प्लास्टिकचं पॅराशूट घडी करून ठेवलं, टोक बसवलं. शलू माझ्या खांद्याशी उभी राहून बघत होती.

"मी दाबू?"

"पहिलं मी दाबते. कसं चालतं ते कळू दे. मग बघू."

ती मागं सरली. दगडापलीकडे जाऊन आबांच्या शेजारी उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे.

मी पदराची गाठ सोडली, चावी खोचली. दिवा लागला. हे घड्याळ धरून मोठ्यानं मोजायला लागले, "पाच, चार, तीन..." आणि मी बटण दाबलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, हे मला कबूल केलं पाहिजे. ज्यासाठी पंधरा दिवस घालवले, ते वर जाताना मी पाहिलंच नाही. फक्त सऽर्रकन आवाज ऐकला आणि आबांचा शब्द, "आयला!"

डोळे उघडले तर आभाळात धुराची एक रेघ, आणि तिच्या टोकाशी ठिपका. मग बारीकसा फट् आवाज. टोक सुटलं, पॅराशूट बाहेर आलं, पण उघडलं नाही. त्याचा गोळा झाला होता. आणि त्याच्या बाजूनं दोन-तीन ठिणग्या खाली यायला लागल्या. ठिणग्या कसल्या, पेटलेले पुंजके. वाऱ्यावर हेलकावे घेत, सावकाश.

मी किंचाळले. एक पुंजका माळावर विझला. दुसरा बांधाकडे गेला, आबा धावले आणि वहाणेनं दाबला. तिसरा कुठं पडला ते मला दिसेना, आणि मी ओलं पोतं घेऊन नुसतीच गोल गोल फिरत होते, तो यांनी मला धरून थांबवलं. "विझला. तो बघ. विझला, नंदा."

रॉकेट दगडावर आपटून पडलं होतं. एक पंख मोडलेला. पॅराशूट वितळून सुपारीएवढं झालेलं.

शलू आली. तिनं नळी उचलली, आत बोट घातलं, काळं झालेलं बोट बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, ते कागद."

"कुठले?"

"चित्रातले. चौकोनी."

मग माझ्या डोळ्यांसमोर सुगनबाईंचा लाडवांचा डबा आला. पातळ पांढरे चौकोनी कागद. मी पिशवीतून माहितीपत्रक काढून ती पायरी पुन्हा वाचली. 'पाकिटातील वॅडिंग.' पाकिटातील. मी फेकलेल्या त्या पिशवीवर काय छापलं होतं हे मला आता न वाचताही कळत होतं. न पेटणारे कागद. धक्क्यासाठी नव्हे, धगीसाठी.

मी सगळं सांगितलं. शब्दकोश, लाडू, सगळं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांना हसू आवरेना. डोळ्यांना पदर लावून हसल्या. "अगं बाई बाई! वातीचा कापूस घातला, अन् पेटला म्हून रडून राह्यली! मंग काय करंल तो? माझ्या हातचा हाय, पेटायलाच वळते मी त्याला!"

"हसू नका ना, आत्याबाई. कुठं जाऊन पडलं असतं..."

"न्हाई पडलं ना? मंग."

"ती म्हणत होती," मी म्हणाले. "शलू म्हणत होती, कागद आहेत म्हणून. मी ऐकलं नाही."

शलूनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नवलानं. मोठं माणूस असं बोलतं हे तिला माहीत नसावं. मलाही नव्हतं.

*

एक इंजिन उरलं होतं. मी म्हणाले, घरी नेऊ, मच्छिंद्रला पत्र टाकू, तो कागद पाठवेल. हे म्हणाले, बरोबर आहे. शलू आजीजवळ जाऊन बसली होती.

आत्याबाईंनी पानगे लावायला घेतले होते. कणकेचा जाड पानगा, त्याच्या खाली-वर पळसाचं हिरवं पान, आणि तो गोवऱ्यांच्या आरात पुरायचा. वरून निखारे. आबांनी बांधावरच्या पळसाची पानं तोडून आणून ठेवली होती, तळहाताहून मोठी, चामड्यासारखी.

"आजी, पान जळत नाही का?"

"कडंकडंनं करपतं. पेटत न्हाई. ओलं असतं ना. पान हाय म्हून तर पानगा जळत न्हाई."

शलू पानाकडे बघत राहिली. मग आराकडे. मग मोडक्या रॉकेटकडे. तिचं हे बघणं मला ओळखीचं होतं, चित्रं वाचताना ती असंच बघायची. ती उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, पान घालायचं. कापसाच्या जागी."

'बघू' अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. गिळायला वेळ लागला, तेवढा वेळ ती उभी राहिली.

"करून बघू," मी म्हणाले. "आधी खाली. वर नंतर."

हे मला जमण्यासारखं होतं. भिणं काय आणि तपासणं काय, लक्ष तेवढंच लागतं. आम्ही आराशेजारी बसलो. मी चिमट्यानं कापसाचा गोळा निखाऱ्यावर धरला, भप्पकन पेटला. शलूनं पळसाच्या पानाची पट्टी फाडली. चिमटा तिनं मागितला. मी दिला. तिनं पट्टी निखाऱ्यावर धरली आणि यांनी मोजायला सुरुवात केली. पट्टी आधी फुसफुसली, मग आक्रसली, कड काळी पडली, धूर आला. दहा झाले. बारा. पेटली नाही.

"बार तर एका क्षणाचा असतो," हे म्हणाले. "बारा म्हणजे चिक्कार."

"पुन्हा एकदा," मी म्हणाले.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, "सूनबाई, जळायला आता माझीच मिशी राह्यली."

मग जेवलो. पानगे, वांग्याची भाजी, वरून तूप. शलूनं अर्धा पानगा हातात धरून काम चालू ठेवलं. खताच्या गोणीच्या आतल्या पातळ प्लास्टिकमधून तिनं पॅराशूटचा गोल कापला. कात्री आजीची, कांद्याच्या पातीला लागते ती, मोठी. आखडलेली दोन बोटं कात्रीच्या कडीत बसत नव्हती, तर तिनं ती बाहेर ठेवून बाकीच्या बोटांनी कापलं. माझे हात आपोआप पुढं जायचे. मी ते परातीत घातले आणि भांडी घासायला घेतली, अजून सगळ्यांचं जेवण व्हायचं होतं तरी. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या ताटाला तरी सोड."

मोडलेला पंख डिंक लावून उन्हात वाळत ठेवला. चार वाजेपर्यंत वाराही पडला.

या वेळी सगळं तिनं भरलं. पळसाच्या पट्ट्या सैलसर गुंडाळून चार, त्यावर पॅराशूट, त्यावर टोक. टोक घट्ट नको, सहज निघायला हवं, ते तिनं दोनदा काढून पाहिलं. मी माहितीपत्रक घेऊन पायऱ्या वाचत होते, मराठीत, एक एक, आणि ती "झालं" म्हणायची. 'झालं' म्हटल्याशिवाय मी पुढची वाचत नव्हते. पायऱ्या संपल्या. तारा जोडल्या. सगळे दगडापलीकडे आलो. खटक्याची डबी मी तिच्या हातात दिली.

"चावी?" शलू म्हणाली.

चावी माझ्या पदराला होती. गाठ सुटेना. दगडासारखी घट्ट झाली होती. मी नखं लावली, दात लावले. सकाळी तर सुटली होती, मग मी पुन्हा इतकी आवळली कधी?

"जल्दी कर गं, ऊन चाललं," आबा म्हणाले.

"आई, मी सोडते," शलू म्हणाली.

तिनं डबी खाली ठेवली आणि माझा पदर हातात घेतला. तिचं डोकं माझ्या छातीशी, केसांना धुराचा वास. तिची ती दोन बोटं नेहमी अर्धी मिटलेली, आकड्यासारखी. त्यातलं एक तिनं गाठीच्या आत घातलं आणि ओढलं. गाठ सुटली.

मी चावी तिला दिली. "दिवा लागला की थांब. आभाळात बघ, पक्षी नाही ना. मग."

"माहितंय."

तिनं चावी खोचली. दिवा लागला. तिनं आभाळात बघितलं, इकडं, तिकडं, बांधाकडे, आणि मग माझ्याकडे, मी जागेवर आहे ना म्हणून. मी दगडाच्या मागंच होते.

"पाच," तिनंच सुरुवात केली. चारला आबा मिळाले, तीनला हे, दोनला आत्याबाई, एकला मी.

मी डोळे उघडे ठेवले. आधी बुडाशी आग दिसली, टिकलीएवढी, मग ते काठीवर नव्हतंच. वर होतं. इतक्या सरळ रेघेत काही वर जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. दुरुस्त केलेल्या पंखामुळे जरासं गिरकी घेत होतं, पण गेलं, बांधावरच्या पळसाच्या वर, त्याच्याही वर, दिसेनासं होईपर्यंत. फट्. पांढरं काहीतरी सांडलं, लोंबलं, आणि फुललं.

"उघडलं!" शलू ओरडली. असा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं.

खाली काही पेटतं पडलं नाही. पानांच्या काळ्या पट्ट्या तेवढ्या आल्या, पाचोळ्यासारख्या.

गोणीच्या प्लास्टिकचं पॅराशूट सावकाश उतरत शेजारच्या तातेरावांच्या तुरीकडे चाललं, आणि शलू त्याच्या मागं धावत सुटली. तुरीचं रान, धसकटं, काटे. माझं पाऊल उचललं गेलं होतं. पण दगड ओलांडायच्या आधी खटका बंद करून चावी काढायची असते, हा नियम. ती डबी टाकून धावली होती. मी वाकून चावी काढली, डबीशेजारी ठेवली, आणि उभी राहिले. तुरीतून तिचं डोकं दिसत होतं, नाहीसं होत होतं, पुन्हा दिसत होतं.

"जा की मागं," आत्याबाई म्हणाल्या.

"येईल," मी म्हणाले.

आली. गुडघा खरचटलेला, हातात रॉकेट, आणि फ्रॉकच्या खिशात करपलेली पट्टी. पॅराशूटला एकही भोक नव्हतं. ते तिनं आभाळाकडे धरून सगळ्यांना दाखवलं, तातेरावांनासुद्धा, जे तुरीत काय पडलं म्हणून भांडायला आले होते आणि दोन पानगे खाऊन गेले.

*

भोकरदनला परतल्यावर मी सुगनबाईंकडे डबा आणायला गेले. कागद आहेत का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "वो तो चुलीत पेटवायला घेतले, पण पेटलेच न्हाईत. कसला कागद होता तो?" मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. मग त्या माझ्याहून जास्त वेळ हसल्या.

मच्छिंद्रला पत्र शलूनं लिहिलं. आणखी इंजिनं पाठव, कागद नाही पाठवले तरी चालतील, असं. पत्राच्या खाली मला दोन ओळी लिहायच्या होत्या, म्हणून शब्दकोश काढला, तर तो मधेच फुगलेला वाटला. उघडला. करपलेली पळसाची पट्टी वॅडिंगच्या पानात चपटी करून ठेवली होती. 'मऊ भरण, कापूस इत्यादी' या शब्दांपुढे, पेन्सिलनं, ओळीच्या बाहेर जात, लिहिलं होतं, 'किंवा पळस. (ओला.)'

घरचा कायदा मोडला होता. मी खोडरबर शोधलं. सापडलं, टेबलावरच होतं. मग मी 'पळस'च्या शेजारी तिनं घालायची राहिलेली तारीख, २७ जानेवारी, घातली आणि शब्दकोश कपाटात ठेवून दिला.